‘घासून देते’ की ‘घासून देतो’

या लेखाचं आमंत्रण माझ्या यजमानांना आलं होतं. ‘आदरणीय सर, आपण दुर्बिणीचे आरसे तयार करता असे समजले. दिवाळी अंकासाठी आपल्या कामाचे अनुभव लिहून द्यावेत.’ सरांनी तो निरोप दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि मला म्हणाले, "मी काय लिहिणार? मी फक्त चहा करतो." चहा ते चांगला करतात. पण त्यावर लेख होईल इतका चांगला करत नाहीत. म्हणून मी लिहिते आहे.

हडपसरच्या एका भिंगांच्या कारखान्यात मी पंचवीसेक वर्षं तपासणी विभागात होते. दुसऱ्यांनी घासलेल्या काचेत किती चूक आहे ते आकड्यात सांगायचं, एवढंच काम. स्वतः घासायला मिळालं नाही. घासायच्या खात्यात बायकांना घेत नसत. कारण विचारलं की आमचे फोरमन म्हणायचे, "बाई, ते ताकदीचं काम आहे." घरी करपलेली कढई आपोआप निघते अशी त्यांची समजूत असावी. कारखान्याचं ते खातं बंद होईपर्यंत मी रोज त्या दारावरून गेले आणि आत पाऊल टाकलं नाही. याची रुखरुख मला आजही आहे. चूक सांगणारीला चूक काढून टाकण्याची परवानगी नव्हती.

स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, आमच्याच गाडीच्या जागेत मी एक लोखंडी पिंप वाळूने भरून उभं केलं. गाडी तेव्हापासून रस्त्यावर असते. यजमानांनी यावर एकदाच "बरं" म्हटलं.

कामाची रीत सांगते. गोल जाड काचेच्या दोन चकत्या घ्यायच्या. एक पिंपावर पक्की बसवायची. तिच्यावर खरखरीत काळी पावडर आणि पाणी घालायचं. दुसरी चकती वर ठेवून पुढेमागे घासायची. थोडं घासलं की वरची चकती जरा फिरवायची आणि आपण पिंपाभोवती एक पाऊल सरकायचं. असं करत राहिलं की वरची काच मध्ये खोल होत जाते आणि खालची फुगीर. वरची तो आरसा. मग पावडर बारीक, आणखी बारीक करत न्यायची, आणि शेवटी राळेच्या थरावर विटकरी लगद्याने चकाकी आणायची. आठ इंची आरशाला मध्यभागी जेमतेम दोन मिलिमीटर खोली लागते. तेवढ्यासाठी महिने जातात, कारण खोलीचा आकार सगळीकडे केसाच्या हजाराव्या भागापर्यंत बरोबर यावा लागतो. नाहीतर शनीच्या कड्याऐवजी शेव दिसते.

पिंपाभोवती फिरणारी बाई बघून तळमजल्यावरच्या काकूंना राहवलं नाही. "शनिवारी पिंपळाला फेऱ्या घालतात ते ठाऊक आहे हो. हे पिंपाला कुठलं व्रत?"

"शनीचंच आहे," मी म्हटलं. "फक्त यात तो प्रसन्न होत नाही, दिसतो."

मी एका खगोलप्रेमी मंडळाच्या पत्रिकेत चार शब्दांची जाहिरात दिली: ‘दुर्बिणीचे आरसे घासून देते.’ खाली आडनाव आणि फोन नंबर. पहिला प्रतिसाद पेठेतल्या एका निवृत्त मराठीच्या शिक्षकांचा आला. ‘आपल्या जाहिरातीत मुद्रणदोष आहे. ‘देते’ नव्हे, ‘देतो’. कृपया सुधारावे.’

मी कळवलं, ‘दोष नाही. मी बाई आहे.’

यावर पुण्यात माफी मागत नाहीत. उत्तर आलं, ‘मग नावामागे सौ. लावायला हवे होते. वाचकाची दिशाभूल होते.’

त्या मास्तरांनी आजवर माझ्याकडून एकही आरसा घेतलेला नाही. पण जाहिरात नियमित वाचतात.

बाकीचे फोन असे: "साहेब आहेत का?"

"कोणते साहेब?"

"आरसेवाले."

सुरुवातीला मी समजावून सांगत असे. नंतर यजमानांनीच तोडगा काढला. फोन त्यांनी उचलायचा, पलीकडून "साहेब?" आलं की "थांबा, देतो साहेबांना" म्हणायचं आणि फोन माझ्या हातात द्यायचा. पुढची शांतता ऐकण्यासारखी असते.

एक बाई ड्रेसिंग टेबलचा आरसा रिक्षात घालून आल्या होत्या. घासून त्याचे डाग निघतील का, असं त्यांना विचारायचं होतं. एका गृहस्थांना चौथ्या मजल्यावरून लांबच्या त्यांच्या प्लॉटवर लक्ष ठेवायचं होतं. मी सांगितलं, "अहो, या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं." ते म्हणाले, "चालेल. गवंडी काम करतोय की झोपलाय एवढंच बघायचंय. झोपलेला उलटा केला तरी झोपलेलाच." 

आणि एकदा मीच फोन उचलला: "मॅडम आहेत का?"

मी यजमानांकडे बघितलं. त्यांनी चहाचं भांडं खाली ठेवलं.

"मी बोलतेय. पण मॅडम आहेत हे कसं कळलं?"

"जाहिरातीत ‘देते’ लिहिलंय ना," पलीकडची मुलगी म्हणाली. "मॅडम, मला आरसा विकत नकोय. मला घासायला शिकवाल का?"

ती कोमल. हडपसरजवळच्या मांजरी गावची सून, भौतिकशास्त्रात एम.एस्सी., हडपसरच्या एका शाळेत विज्ञान शिकवणारी. लग्नाला दोन वर्षं झालेली. तिच्या सासऱ्यांची, म्हणजे तात्यांची, मांजरीत उसाची शेती होती. त्यातल्या काही भागावर आता त्यांचीच चार मजली इमारत उभी होती. त्या इमारतीची गच्ची हा कोमलचा सगळा प्रश्न होता. तिला तिथे दुर्बीण लावून शाळेतल्या मुलींना आकाश दाखवायचं होतं. तात्यांना तिथे मोबाइलचा टॉवर बसवायचा होता. टॉवरवाल्याचा माणूस घरी येऊन चहा पिऊन गेला होता.

"मग तात्या काय म्हणाले?" मी विचारलं.

कोमलने हुबेहूब त्यांचा आवाज काढला. "‘सुनबाई, आरसा करन्यात तू कुटली तरबेज? बरं, माघातल्या गणपतीला सारं गाव आपल्याकडं आरतीला येतं. त्या दिवशी तुज्या हातच्या आरशातनं गावाला कायतरी दाखव. दाखवलंस तर गच्ची तुजी. न्हाईतर टॉवरवाला थांबलाच हाय.’"

माघी गणपतीला तेव्हा बराच अवकाश होता. हिशेब केला तर काम बसत होतं, पण अगदी घट्ट. त्यात एकही घोळ परवडणारा नव्हता.

कोमल आठवड्यातून दोनदा स्कूटीवरून यायची. मांजरी ते कर्वेनगर म्हणजे अख्खं शहर आडवं ओलांडणं. आल्याबरोबर बांगड्या काढून वाटीत ठेवायची, कारण माझा पहिला नियम तो. खरखरीत पावडरीचा एक कण बांगडीत अडकून बारीक पावडरीत पडला की काचेवर ओरखडा उठतो. तो काढायला पुन्हा चार पायऱ्या मागे जावं लागतं. तिच्या सासूबाईंना, आक्कांना, बांगड्या उतरवणं पसंत नव्हतं. त्यांचं म्हणणं, हात मोकळे दिसतात. कोमल परत जाताना आठवणीने घालायची आणि सिग्नलला थांबली की मोजून बघायची.

हात मात्र तिचा पहिल्यापासून बसला. काचेवर जोर न देता काचेच्या वजनालाच काम करू द्यायचं, हे शिकायला माझ्याकडच्या पुरुष विद्यार्थ्यांना महिना लागतो. ते काचेशी कुस्ती खेळतात. कोमलला दुसऱ्या दिवशी आलं. "भाकरी थापताना असंच," ती म्हणाली. मी म्हटलं, "हे बाहेर कुणाला सांगू नकोस. नाहीतर म्हणतील, मग भाकरीच थाप."

बारीक पावडरीपर्यंत काम छान गेलं. तेव्हा एकदा तात्या स्वतः बघायला आले. पांढरं धोतर, टोपी, उजव्या हाताच्या तर्जनीत पुष्कराजाची हरभऱ्याएवढी अंगठी. गुरू बलवान व्हावा म्हणून घातलेली. ते थेट यजमानांपाशी गेले.

"सर, पोरीचा हात कसा हाय?"

"मला कसं कळणार?" यजमान म्हणाले. "साहेब त्या. मी चहा टाकतो."

तात्यांनी मला नमस्कार केला आणि डबे उघडून बघायला लागले. सवयीचा व्यापारी माणूस. धान्य बघतात तसं त्यांनी जाड पावडर बोटांत चोळून पाहिली. "ही वाळूच की." मी "अहो, नको" म्हणेपर्यंत तोच हात बारीक पावडरीच्या डब्यात गेला होता. "आन् ही पिठी. झ्याक." हात झटकून ते चहाला बसले. मी त्या डब्याचा वरचा थर काढून टाकला. मला वाटलं, निभावलं.

निभावलं नव्हतं. पुढच्या खेपेला कोमलने काच ठेवून पहिला हात मारला आणि पिंपावरून किर्रर्र असा आवाज आला. तो आवाज ज्याने एकदा ऐकला आहे तो दाढदुखी विसरेल, पण हा विसरणार नाही. आम्ही काच उचलून धुतली. मध्यापासून कडेपर्यंत लांबलचक ओरखडा.  कोमलने काच टेबलावर ठेवली, हात धुतले आणि पार्किंगच्या कठड्यावर बसून राहिली. मागे जायचं म्हणजे माघी गणपती हुकण्याची धडधडीत शक्यता होती.

त्या संध्याकाळी तात्यांचा फोन. "बाई, बांगड्यांनी झालं आसंल. म्हनून म्हनतो, ही कामं बायामान्सांची न्हाईत. राग मानू नका."

"राग नाही," मी म्हटलं. "पण तात्या, उद्या एकदा येऊन जा. येताना अंगठी घालून या."

आले. मी टेबलावर पांढरा कागद अंथरला, अंगठी मागून घेतली आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने पुष्कराजाच्या कोंदणाची मागची बाजू झटकली. कागदावर जाड पावडरीचे काळे चमचमते कण पडले. मी भिंग पुढे केलं. तात्यांनी बराच वेळ पाहिलं.

"तात्या, दागिन्याने ओरखडा पडला हे खरं. पण कुणाच्या दागिन्याने?"

यजमान चहा घेऊन आले आणि जिन्याशीच थांबले. तात्यांनी टोपी काढून डोक्यावरून हात फिरवला.

"म्हंजे गुरूनंच घात केला म्हना की."

"गुरू लांब आहे हो. तो कशाला येतोय इथे काच घासायला?"

त्यांच्याबरोबर आलेली कोमल खाली बघून हसत होती. सासऱ्यासमोर हसायची तिची ती पहिली वेळ असावी, कारण तात्याही तिच्याकडे चमकून बघत राहिले. मग म्हणाले, "आता?"

"आता चार पायऱ्या मागे. वेळ पुरणार नाही कदाचित. तुम्ही मुदत वाढवा."

"न्हाई," तात्या म्हणाले. "गावात बोललोय. शब्द तो शब्द. दिवस बदलायचा न्हाई." आणि चहा संपवून उठताना म्हणाले, "पन तिला रोज मीच घिऊन यीन. त्या स्कूटीवर वेळ जातो."

तेव्हापासून शाळा सुटली की तात्या तिला गाडीतून आणू लागले. आल्याबरोबर अंगठी काढून बांगड्यांच्या वाटीत टाकायचे. न सांगता. मग वर आमच्या घरी यजमानांबरोबर बसायचे. एक चहावाला आणि एक ड्रायव्हर. खाली साहेब आणि साहेबांची विद्यार्थिनी. तळमजल्यावरच्या काकूंनी मला विचारलं, "ते पाहुणे रोज येतात, त्यांचंही व्रत का?" मी म्हटलं, "त्यांचं प्रायश्चित्त."

चकाकी आल्यावर आरसा तपासतात तो प्रकार मला सगळ्यात आवडतो. एका बारीक प्रकाशठिपक्यासमोर आरसा उभा करायचा, परतणाऱ्या प्रकाशात एक पातं हळूच सरकवायचं आणि मागून डोळा लावायचा. काचेवरचे न दिसणारे उंचवटे-खळगे सावलीने मोठे होऊन दिसतात. बरोबर आलेल्या आरशावर मेदूवड्यासारखी सावली दिसते, कुठेही खंड न पडलेली. कोमलचा वडा एका बाजूला दबला होता. तिने तो पुन्हा पुन्हा सुधारला. शेवटी एका संध्याकाळी मी डोळा लावला आणि पातं पुन्हा पुन्हा सरकवून पाहिलं.

"काय मॅडम? किती चूक आहे?"

पंचवीस वर्षं मी चुका सांगत आले. त्या दिवशी सांगण्यासारखी सापडली नाही, हे तिला सांगायला मला जरा वेळ लागला, एवढंच.

आरशावर ॲल्युमिनियमचा थर चढवून आणला, नळकांडं जोडलं आणि माघी गणपतीच्या आदल्या दिवशी दुर्बीण मांजरीला पोचली. आरती दुपारची. गाव जमणार आणि पाच-साडेपाचला पांगणार. म्हणजे दाखवायचं ते उजेडात.

"दिवसा काय दाखवणार?" यजमानांना काळजी.

ते कोमलने आधीच ठरवलं होतं. त्या दिवसांत संध्याकाळी पश्चिमेला शुक्र दिसत होता. सूर्य मावळल्यावर दिसतो तो शुक्र दिवसाही तिथेच कुठेतरी असतो. आपल्या डोळ्यांना निळ्या उजेडात सापडत नाही, इतकंच. आणि चतुर्थीची चंद्रकोर नेमकी त्याच्या जवळ असणार होती. आधी चंद्र गाठायचा, तिथून थोडं सरकलं की शुक्र. दुर्बीण पाण्याच्या टाकीच्या सावलीत लावायची, म्हणजे चुकूनही सूर्य नळीत शिरणार नाही. एकदा सूर्य शिरला की डोळा गेलाच, हे ती प्रत्येकाला बजावत होती.

आरती झाली, प्रसाद झाला, माणसं गच्चीवर चढली. एका बाजूला नव्या इमारती, दुसऱ्या बाजूला ऊस. आणि त्याच दिवशी कुणीतरी शेतात पाचट पेटवलं होतं. पश्चिमेचं निळं आकाश दुधट झालं. कोमल दुर्बिणीशी उभी, हातात नकाशा, आणि चंद्र काही दिसेना. ती शोधते आहे, मी शोधते आहे, गाव आमच्याकडे बघतं आहे.

तात्या खाकरले. "सुनबाई, टॉवरवाल्याला फोन लावू का?"

माणसं हसली. कोमल हसली नाही. ती नळी बोटभर सरकवून पुन्हा शोधत होती.

तेवढ्यात आक्का पदर सावरत पुढे आल्या. "कशाला वरडताय? आज चतुर्थीला चंद्र बघावा का पन?"

"ते भाद्रपदात, आई," कोमल म्हणाली. आवाज रडवेला.

"मंग चालतंय," आक्का म्हणाल्या. कपाळावर हात आडवा धरला, मान एकदाच हलवली. "त्यो काय, नारळाच्या शेंड्याच्या वर. डावीकडं. आगं, लग्न झाल्यापासनं संकष्टीला उपाशी पोटी ढगातनं चंद्र हुडकत आले. पोट लई लांबचं दाखवतं."

होता. पुसट, नखाएवढा. कोमलने नळी तिकडे वळवली, मग अगदी थोडी सरकवली, डोळा लावला आणि बाजूला झाली. "तात्या, या."

तात्यांनी टोपी मागे केली, वाकले. आणि लगेच ताठ झाले.

"फुटका हाय."

"काय?"

"आरसा. चांदनी अर्धीच दिसती. कोर. एवढा घासून फुटकाच निघाला का गं?"

"आरसा नाही फुटका, तात्या. शुक्रच तसा आहे. चंद्रासारख्या त्यालाही कला असतात. आता तो कोरीएवढा दिसतोय."

तात्या पुन्हा वाकले. या वेळी बराच वेळ उठले नाहीत. मागून कुणीतरी ओरडलं, "तात्या, सुनेनं दिवसा तारे दाखवले की ओ तुम्हाला!"

गच्ची हसून फुटली. तात्यांनी वाकल्या वाकल्याच हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "दाखवले," ते म्हणाले. "बघू तरी द्या." मग आक्कांना हाताला धरून पुढे आणलं. मागे रांग लागली. रांगेत शाळेच्या मुलीही होत्या. तात्यांनी त्यांना पुढे काढलं आणि गच्चीच्या कोपऱ्यात जाऊन फोन लावला.

"हां, मी बोलतोय. गच्ची मोकळी न्हाई. न्हाई न्हाई, दुसरा टॉवर न्हाई. सुनबाई हाय."

टाकीशेजारी आता एक खोली आहे. तिच्यात वाळूने भरलेलं दुसरं पिंप आहे. पावडरी तिकडे मांजरीला आणि तपासणी माझ्याकडे कर्वेनगरला, अशी कामाची वाटणी आहे. मागण्या आम्ही दोघी मिळूनच निभावतो. तात्या काचा पोचवतात. अंगठी घरी ठेवून.

म्हणून यंदा जाहिरात बदलावी लागली. आम्ही लिहिलं: ‘दुर्बिणीचे आरसे घासून देतो.’

पत्रिकेचा अंक निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी पेठेतून संदेश आला. ‘अखेर चूक सुधारलीत. अभिनंदन.’

मी उत्तर पाठवलं, ‘गुरुजी, लिंग तेच आहे. वचन बदललं.’

 मग आलं: ‘बरोबर आहे.’ आणि पाठोपाठ आणखी एक ओळ: ‘सहा इंची आरसा करून मिळेल का?’